ताटात पडेल ते

तुळजापूर
१२ मार्च

प्रिय मैथिली,

स्वानंद परवा निघतोय. काल संध्याकाळी घरी आला होता, ताईला काही द्यायचं असेल तर द्या, बॅगेत जागा आहे म्हणाला. तुझ्या भावाला वाटलं मी शेंगाची चटणी देईन. चटणी देतेच आहे, पण खरं म्हणजे हे पत्र देतेय. व्हॉट्सॲपवर लिहायला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा अर्ध्यातच पुसून टाकलं. कागदावर लिहिलं की मग मागं फिरता येत नाही, म्हणून कागद. एप्रिलात तू व्हिएन्नाला सगळ्या देशांच्या त्या अवकाश समितीपुढं उभी राहणार आहेस आणि तिथं तू जो मुद्दा मांडणार आहेस तो माझ्या घरातून गेलेला आहे. त्याबद्दलच मला सांगायचंय. पण त्याआधी मी तुझ्यावर किती जळते हे एकदा सांगून मोकळी होते. ते पोटात ठेवून पुढचं लिहिलं तर सगळं पत्र तोंडदेखलं होईल, आणि तोंडदेखलं मी तुझ्याशी गेली वीस वर्षं भरपूर बोलले आहे.

डिसेंबरात धाराशिवला तुझा सत्कार झाला, त्याची सगळी धावपळ माझी होती हे तुला कुणी सांगितलं नसेल. शाल मी निवडली. मुद्दाम जरा टोचणारी निवडली, हे आता कबूल करते. तुझी ओळख करून देणारं भाषणही माझ्याच गळ्यात पडलं, कारण सगळ्या वकील मंडळींच्या मते मी तुझी जिवाची मैत्रीण. 'अवकाशातल्या खाणकामाच्या कायद्यातलं मोठं नाव', 'लक्झेंबर्गमध्ये बसून चंद्रावरच्या हक्कांचा विचार करणारी आपल्या मातीतली लेक', असलं काय काय मी बोलत होते आणि बोलताना जीभ जड होत होती. समोर पहिल्या रांगेत तुझे बाबा, वसंतरावकाका, रुमालानं डोळे टिपत होते. मग तू माईक हातात घेतलास आणि म्हणालीस, आमच्या भागात एक जुनी रीत आहे. आमच्या भागात. मैथिली, तुझे बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे, तुमच्या घरात कुणी कधी देवळाची पाळी केली? ती रीत आमच्या घरातली. लिंगायत गुरवांच्या घरातली. लोक टाळ्या वाजवत होते, मीही वाजवत होते आणि अंगाचा नुसता तिळपापड होत होता. घरी आल्यावर अमरनाथला म्हटलं, डोकं दुखतंय. नवरा असला तरी त्या बिचाऱ्याला काय समजणार, त्यानं बामची बाटली आणून दिली.

तुला आठवतंय का गं, ही रीत तू पहिल्यांदा कुठं ऐकलीस? तामलवाडीच्या अलीकडं आमचं गाव, तिथल्या माळावरचं सिद्धेश्वराचं देऊळ, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तू माझ्याबरोबर आमच्या घरी चार दिवस राहायला आलेलीस. देवळाची पूजा भावकीत आठवड्या-आठवड्यानं फिरते, आणि त्या आठवड्यात आमची पाळी होती. पहाटे आप्पा देवाला पाणी घालायचे, अव्वा, म्हणजे माझी आई, देवळाचं अंगण झाडायची, आणि दिवसभर येणारे लोक देवापुढच्या ताटात नारळ, गूळ, पसाभर ज्वारी, एखादा खण टाकायचे. संध्याकाळी आप्पांनी ते ताट घरी आणलं तेव्हा तू त्यांना विचारलंस, देव कुणाचा आहे मग, तुमचा का? आप्पा हसले. म्हणाले, देव कुणाचाच न्हाय पोरी, पण पाळीच्या दिशी ताटात पडंल ते पाळीवाल्याचं. आमच्या घरात हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. त्याच्यामागं कोर्टाचा निकाल आहे, माझा पणजोबा विरुपाक्ष निजामाच्या काळात भावकीशी भांडून जिंकून आला होता, तो शिक्क्याचा कागद देवघरात आहे, हेही मीच तुला सांगितलं. कागद उर्दूत असल्यामुळं आमच्यात तेव्हा हयात असलेल्या कुणालाच वाचता येत नव्हता, पण दरवर्षी दसऱ्याला त्याला विभूती लावून, फूल वाहून आम्ही त्याची पूजा करायचो. तूसुद्धा त्या कागदाला नमस्कार केलास, डाव्या हातात ज्वारीची भाकरी होती म्हणून उजव्या हातानं केलास.

आणि मग पुण्याची ती मूट कोर्टची स्पर्धा आली. खोटा खटला, खोटे न्यायाधीश, पण आपल्याला त्याचं केवढं अप्रूप. विषय काय निघाला तर चंद्रावरचं खाणकाम. सदुसष्ट सालचा करार म्हणतो की चंद्रावर, ग्रहांवर कुठल्याच देशाला मालकी सांगता येणार नाही. पण तिथून खणून काढलेला दगड, पाणी, धातू यांचं काय, त्यावर करार धड काही बोलत नाही. बाकी सगळ्या कॉलेजांच्या पोरांनी समुद्राचं उदाहरण घेतलं, समुद्र कुणाचा नाही पण पकडलेला मासा कोळ्याचा. आपल्या धाराशिवकडं समुद्र कुठला? मी फुलस्केपवर अकरा पानं मराठीत लिहून काढली, देव कुणाचाच नाही पण पाळीच्या दिवशी ताटात पडेल ते पाळीवाल्याचं. चंद्रावर पाणी असलेली चांगली ठिकाणं थोडी, जाणारे पुष्कळ, तेव्हा पाळी लावा, आणि आपल्या पाळीत जो खणेल त्याचं ते. माझं इंग्रजी अडखळायचं म्हणून तू त्याचं भाषांतर केलंस आणि तूच बोललीस. तू छान बोललीस, हे मी नाकारत नाही. न्यायाधीश म्हणून आलेले ते टक्कल पडलेले गृहस्थ पुढं झुकून ऐकत होते. उत्कृष्ट वक्ता म्हणून करंडक तुला मिळाला आणि मला सहभागाचं प्रमाणपत्र. परतीच्या एसटीत तू करंडक माझ्या मांडीवर ठेवून झोपी गेलीस. सोलापूर येईपर्यंत मी तो धरून बसले होते, मांडीला रग लागली तरी हलवला नाही. तेव्हापासूनचं हे दुखणं आहे बघ.

पुढचं तुला माहीतच आहे. तू हॉलंडला शिकायला गेलीस, तिथून लक्झेंबर्गला. मी तुळजापूरच्या कोर्टात टेबल टाकलं. तू खाणकंपन्यांसाठी चंद्राच्या दक्षिण टोकावरच्या बर्फाचे हक्क बघतेस आणि मी मुरुमाचे बघते. कुणी रात्रीतून टेकडी पोखरली, कुणाचा टिपर तलाठ्यानं अडवला, कुणाच्या सातबाऱ्यावर जमीन आहे पण खालचा दगड सरकारचा आहे हे त्याला पटत नाही. बघ जरा, कायदा तोच आहे. जमीन कुणाची आणि खणलेलं कुणाचं. तरी तुझ्या कामाला लोक 'अवकाश कायदा' म्हणतात आणि माझ्या कामाला 'गौण खनिज'. गौण हा शब्द मी रोज पंचवीस वेळा लिहिते, आणि प्रत्येक वेळी वाटतं की कुणीतरी माझंच नाव लिहितंय.

२०१९ साली तुझा तो गाजलेला लेख आला. तोवर अमेरिकेनं, मग तुझ्या लक्झेंबर्गनं कायदे करून टाकले होते की आमच्या कंपन्यांनी तिकडून आणलेलं त्यांच्या मालकीचं. तुझ्या लेखानं त्याला एक बूड दिलं, पाळीचं तत्त्व. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात मुरुमाच्या सुनावणीची वाट बघत मी तो फोनवर वाचला. तळटीप होती, दख्खनमधल्या एका खेड्यातली देवस्थानाची रीत. एका खेड्यातली. गाव नाही, घर नाही, गायत्री नाही. आता तू म्हणशील, मी तुला विचारलं होतं. विचारलं होतंस, खरं आहे. लेख छापायला जाण्याआधी तू फोन केलास, तुझं नाव घालू का म्हणालीस, आणि मी म्हटलं, नको गं, मला काय करायचंय नाव, मी काय प्रोफेसर आहे का. तू बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. बरं म्हणालीस, मैथिली. आपल्याकडं असं कुणी बरं म्हणतं का? जेवायला बसलेल्या माणसानं नको म्हटलं म्हणून कुणी वाढायचं थांबतं का? दुसऱ्यांदा विचारतात, तिसऱ्यांदा त्याचा हात बाजूला सारून वाढतात, तेव्हा कुठं माणूस पोटभर जेवतो. मी तुझ्या दुसऱ्या फोनची वाट बघत राहिले. आठवडाभर फोन जवळ घेऊन फिरले, अंघोळीला जातानासुद्धा. तू तिकडं राहून एकदाच विचारायला शिकलीस आणि मी इथं राहून एकदा नको म्हणायचं सोडलं नाही. चूक कुणाची ते तूच ठरव, मला विचारशील तर तुझी.

तर सत्काराच्या दिवशी हे सगळं माझ्या पोटात होतं. कार्यक्रम संपल्यावर तू मला गच्चीच्या जिन्याशी ओढून नेलंस आणि म्हणालीस, तो निकालाचा कागद मला हवाय गं. व्हिएन्नाला ती समिती अवकाशातल्या खाणकामाची तत्त्वं लिहितेय, तिथं काही देशांचे लोक विचारतात की ही पाळीची रीत खरी आहे का तुम्ही रचलीत, कुठल्या कोर्टानं मानलेली आहे का. एक जुना निकाल दाखवता आला तर माझा मुद्दा उभा राहील, नाहीतर ती नुसती गोष्ट ठरते. तुझ्या अंगावर ती टोचणारी शाल होती. मी एक क्षणही विचार केला नाही. म्हटलं, अगं त्याला वाळवी लागली, दोन वर्षं झाली, भुगा झाला. तुझा चेहरा असा पडला की मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं हेच खरं आहे. कागद देवघरात लाल फडक्यात धडधाकट होता.

माझ्या डोक्यात एक शिजत होतं ना. मी ठरवलं की आपणच लिहायचं. तुझ्या आधी. कागद माझा, घर माझं, मुद्दा माझा, मग त्या समितीकडं मीच निबंध पाठवते, बघू या कोण कुणाच्या तळटिपेत जातं. जानेवारीत गावी गेले, आप्पांना म्हटलं देवघराचा फोटो काढते, आणि फोनवर कागदाचे पाच-सहा फोटो काढले. धाराशिवला उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. जुन्या सनदा, खासरापत्रकं असलं निजामाच्या वेळचं काही निघालं की आम्ही सगळे वकील त्यांच्याकडंच जातो. त्यांनी फोटो मोठे करून बघितले, वहीत काहीतरी लिहीत गेले, मधेच थांबून चष्मा पुसला. मला वाटलं अक्षर लागत नसेल. मग म्हणाले, बाई, यात तर तुमचे पणजोबा हारलेत की.

मी तीन वेळा वाचून घेतलं त्यांच्याकडून. तेराशे सेहेचाळीस फसली, म्हणजे साधारण छत्तीस-सदतीस साल. दावा लावणारी गौराबाई. विरुपाक्षाच्या चुलतभावाची विधवा. हे नाव आमच्या घरात मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. नवरा मेल्यावर विरुपाक्षानं तिची पाळी आपल्याकडं ओढली, बाईमाणसाला पूजा करता येत नाही म्हणून, आणि ताटातलंही सगळं आपणच नेऊ लागला. तर ती कोर्टात गेली. त्या काळात, मैथिली, त्या बाईनं दावा लावला. मुन्सफानं काय लिहिलंय ते गुरुजींनी मराठीत उतरवून दिलं, तसंच्या तसं देते. 'देव कुणाची मिळकत नाही. पाळी म्हणजे सेवा. वादी बाईला पूजा करता येत नाही म्हणून पाळी प्रतिवादीकडं राहील, पण तेवढ्यानं तिचा हक्क बुडत नाही. ताटात पडेल त्यातून आधी देवाची दिवाबत्ती, मग देवळात आलेला उपाशी माणूस, मग जिला पाळी करता येत नाही तिचा वाटा. उरेल ते पाळी करणाऱ्यानं न्यावं.' उरेल ते. नव्वद वर्षं आम्ही सांगत आलो, पडेल ते. विरुपाक्ष घरी येऊन म्हणाला असेल, पाळी आपली राहिली, आणि ते काही खोटं नव्हतं. त्यानं अर्धाच निकाल सांगितला आणि उरलेला अर्धा उर्दूत ठेवून त्याची पूजा लावून दिली. आपण हरलेल्या निकालाला विभूती लावत बसलो. तूसुद्धा त्याला नमस्कार करून गेलीस.

मला हसू आलं आणि लगेच आज्जा आठवला. आप्पांचे वडील, विरुपाक्षाचा मुलगा. आज्जा उर्दू शाळेत शिकलेला, आमच्या घरात तो एकटाच ते वाचू शकत होता. मी सहा-सात वर्षांची असताना आमची पाळी आली की आज्जा संध्याकाळी ताट घरी आणण्याआधी एक गाठोडं वेगळं बांधायचा आणि मला बोटाला धरून गावाच्या टोकाला एका म्हातारीकडं न्यायचा. ती गाठोडं तिथंच सोडायची, प्रत्येक नारळ कानाशी धरून हलवून बघायची, ज्वारी मुठीत घेऊन किडकी आहे का बघायची, आणि मान हलवून आत घेऊन जायची. कधी बसा म्हटलं नाही, कधी बरं झालं म्हटलं नाही. एकदा एक नारळ नासका निघाला तर तिनं परत दिला आणि आज्जा मुकाट्यानं दुसरा आणायला गेला. मला फार राग यायचा तिचा. घरी येऊन अव्वाला म्हणायचे, आज्जा इतकं देतो आणि ती म्हातारी किती मिजासखोर आहे. सगळं गाव म्हणायचं आज्जा मोठा दयाळू माणूस. तो दयाळू नव्हता गं, तो निकाल पाळत होता. आणि ती मिजासखोर नव्हती. तिचं तिला मिळत होतं, त्यात बरं झालं काय म्हणायचं? माझ्या लहानपणीच ती वारली. मी तिच्या दारात इतक्यांदा उभी राहिले, तिचं नाव काय हे कधी विचारलं नाही.

आता तुला वाटेल की हे कळल्याबरोबर मी तुला फोन केला असेल. नाही केला. सहा आठवडे गप्प बसले, हे तुला कळायला हवं. कारण पहिल्यांदा मनात काय आलं, तर मैथिलीचा मुद्दाच खोटा निघाला. बरं झालं. व्हिएन्नात तिनं तो मांडावा, हैदराबादच्या दफ्तरात कुठंतरी दुसरी प्रत असणारच, कुणीतरी ती काढून तिच्या पुढ्यात ठेवावी, आणि ती सगळ्या जगासमोर तोंडावर पडावी. मी इथं कोर्टाच्या कँटीनमध्ये चहा पीत ती बातमी वाचतेय असं चित्र मी डोळ्यापुढं आणलं आणि दोन रात्री अगदी शांत झोपले. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की तो खोटा मुद्दा तुझा नाही, माझा आहे. अकरा पानं माझ्या अक्षरातली आहेत. वीस वर्षं मी ज्याच्यावरून जळले ते माझंच चुकलेलं होतं, आणि चोरीला गेलं म्हणून मी रडत होते ते आमच्या घरानं गौराबाईकडून आधीच चोरलेलं होतं. तरीही मी गप्प बसले. मत्सर असा कारण संपलं म्हणून संपत नाही. तो दुसरं कारण शोधतो.

गेल्या सोमवारी तुझा मेसेज आला. मुरुमाच्याच एका केसमध्ये पंचांची वाट बघत झाडाखाली उभी होते. तू लिहिलं होतंस, 'कागद गेला तर गेला. मी समितीसमोर सांगणार आहे की असा निकाल आहे, आणि तो ज्या घरात होता त्या घरातल्या वकिलानं मला सांगितलंय. तुझा शब्द मला पुरेसा आहे.' ते वाचून मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. माझ्या शब्दावर तू तुझं सगळं नाव लावायला निघालीस आणि मी तुझ्याशी कागदाबद्दलही खोटं बोललेले आणि मुद्द्याबद्दलही तोंड मिटून बसलेले. पंचनामा तसाच सोडून मी गावी गेले. आप्पांना सगळं सांगितलं, पणजोबा हरले ते, गौराबाई, सगळं. आप्पा भडकले. म्हणाले, लई शानी झालीस, नव्वद वर्षं पुजलेला कागद तू आता चव्हाट्यावर मांडणार व्हय? भावकीत तोंड कसं दाखवायचं? रात्री जेवले नाहीत. सकाळी मी निघताना त्यांनी स्वतःच देवघरातून लाल फडकं काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, बा मला दर खेपंला म्हणायचा, म्हातारीचं आधी. म्या कधी इचारलं न्हाय का ते. आणि त्यांनी ते फडकं पुन्हा नीट बांधून दिलं.

म्हणून हे पत्र. कागद मूळचा, गुरुजींनी त्यांच्या अक्षरात केलेला मराठी तर्जुमा, आणि मी केलेलं इंग्रजी, तिन्ही स्वानंदच्या बॅगेत आहेत. माझं इंग्रजी अजून अडखळतं, तू सुधारून घे. वाळवीबद्दल मी खोटं बोलले, मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव, पण व्हिएन्नाला जुना मुद्दा मांडू नकोस. जे देश चंद्रावर कधी जाऊ शकणार नाहीत ते सगळे गौराबाई आहेत, पाळी करता येत नाही म्हणून त्यांचा वाटा बुडत नाही, हे मांड. तुझ्या कंपन्यांना 'उरेल ते' हा शब्द रुचणार नाही, तुझं काम जाईल की काय अशी मला भीती वाटते, आणि खरं सांगते, या वेळी त्या विचारानं मला अजिबात बरं वाटत नाहीये. तू मुद्दा मागं घेशील तेव्हा ते विचारतील की इतकी वर्षं चुकीचं कुणी सांगितलं. सांभाळून घेऊ नकोस, एका खेड्यातली वकील असं म्हणू नकोस. मुद्दा गौराबाईचा होता आणि चूक तुळजापूरच्या ॲडव्होकेट गायत्री मल्लिकार्जुन यांची होती, असं दोन्ही नावं घेऊन सांग. तिचं आधी घे. आणि सावकाश घे, तिथल्या लोकांना ती नावं लिहून घ्यायला वेळ लागेल.

तुझ्यावर जळून जळून शेवटी तुझीच राहिलेली,
गायत्री